एका कोठीत तीन मुठी

निपाणी,
ता. ११ जानेवारी १९३८

ती. दुर्गाआक्कास जयाचा नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. मी मात्र भांडून बसले आहे. काल दिवेलागणीला चिमणीत रॉकेल ओतताना माझ्या हातून पळीभर सांडलं आणि नेमक्या सासूबाई आल्या. त्या ओल्या डागाकडे त्यांनी असं पाहिलं की मला वाटलं, आता फडक्यानं टिपून परत बाटलीत पिळायला सांगतात. तसं सांगितलं नाही. शेजारच्या मनुबाईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमच्या सुनंचा हात लई सैल हाय बाई. हिच्या हातात कोठीची किल्ली दिली तर चैताच्या आत कणगीचं बूड दिसंल."

मनुबाई आपल्या ओट्यावरच धान्य-मसाल्याचं लहानसं दुकान मांडून बसते. तिथं पडलेला शब्द संध्याकाळपर्यंत गावभर होतो. मला राग आला. मीही ओट्याकडे तोंड करून म्हटलं, "पाडव्यापातूर बंदा रुपाया शिल्लक टाकून दावते. मग द्याल किल्ली?"

"द्येते की," सासूबाई म्हणाल्या, "समद्या गल्लीदेखत द्येते."

बोलून तर बसले. पण आक्का, माझ्याजवळ रुपया सोड, आणासुद्धा नाही. ह्यांचा पगार बावीस रुपये. तो तंबाखूच्या वखारीतून निघतो आणि थेट सासूबाईंच्या कमरेच्या पिशवीत जातो. कोठीला कुलूप. रोज सकाळी त्या जोंधळे मापून देतात, मी दळते, भाकरी थापते, संपलं. दीड वर्ष झालं लग्नाला, तरी चिमूटभर मीठ हवं असलं की मागावं लागतं. पाहुणीला मीठ मागायला लाज वाटणार नाही इतकी मला वाटते. तू लहानपणापासून मला सांभाळलंस, तुझ्या घरात मी कुठल्याही डब्यात हात घालत होते. इथंही एकदा तसा हात घालायचा आहे मला, म्हणून ही किल्ली हवी. काहीतरी उपाय सांग.

तुझी,
जया

* * *

शहापूर, बेळगाव,
ता. १४ जानेवारी १९३८

चि. जयास आशीर्वाद.

तुझं पाकीट पोचलं. कार्ड तीन पैशांत जातं हे मी तुला शिकवलं नव्हतं काय? शिवाय कागदाची मागची बाजू कोरी ठेवलीस. तिच्यावर मी मागावरच्या सुताचा आठवड्याचा हिशोब टिपला, म्हणून कागद अगदीच वाया गेला नाही. तुझ्या सासूबाई म्हणतात त्यात थोडं तथ्य आहे.

आता उपाय. मूठ काढ. सासूबाई जोंधळे मापून देतील त्यातली एक मूठ, जात्यावर बसायच्या आधी, वेगळ्या गाडग्यात टाकायची. तीन माणसांच्या घरात एक मूठ कुणाच्या पोटाला कळत नाही. आपल्या आईनं ह्याच मुठीवर माझ्या लग्नात तांब्याचा हंडा घेतला होता. गाडगं भरलं की मनुबाईला विक.

नियम दोनच. मुठीला सुट्टी नाही, सणालासुद्धा. आणि कुणाला सांगायचं नाही, नवऱ्याला तर नाहीच. घरात शिल्लक आहे असं कळलं की घरातल्या माणसांना लगेच गरजा आठवतात.

जागा संपली. माझ्या दिरांचे आशीर्वाद लिहायचे राहिले, दिलेत असं समज.

दुर्गा

* * *

तंबाखूची वखार, निपाणी,
ता. २ फेब्रुवारी १९३८

ती. दुर्गाआक्का यांस बसवंतचा साष्टांग नमस्कार.

हे कार्ड वखारीतून लिहितोय. उत्तरही वखारीच्या पत्त्यावरच धाडावं, घरी नको. जयाला आणि आईला यातलं काही कळू नये.

आक्का, मला फाउंटन पेन घ्यायचं आहे. वखारीत आम्ही चार कारकून. तिघांच्या खिशाला पेन अडकवलेलं असतं, माझ्या कानामागे टाक. परवा घाम पुसताना शाई गालाला लागली, मी तसाच बाजारातून घरी गेलो. जया हसली. हसली त्याचं काही नाही, पण बराच वेळ हसली. पेन दीड रुपयाला आहे. पगार सगळा आईच्या हातात जातो. तिच्याकडे पेनसाठी मागितले तर ती म्हणणार, टाकानं लिवलेलं वाचता येत न्हाय व्हय?

तुम्ही आमचं लग्न पंच्याहत्तर रुपयांत लावलंत, आणि इथले लोक अजून जिलबीचं नाव काढतात. तुमच्याकडे नक्की काहीतरी युक्ती असेल.

आपला,
बसवंत

* * *

शहापूर,
ता. ५ फेब्रुवारी १९३८

बसवंतराव यांस आशीर्वाद.

तुमचं कार्ड वाचून समाधान वाटलं. पुरुषमाणसाला काटकसर सुचणं हे घराचं भाग्य. दर आठवड्याला जोंधळे तुम्हीच आणता ना? आई तीन पायल्या सांगतील तेव्हा शेरभर कमी आणा, आणि आणलेले स्वतःच कणगीत ओता. एका शेरानं कणगीला काही कळत नाही. उरलेले पैसे वखारीतच ठेवा. घरी कुणाला बोलू नका.

वेळ लागेल, धीर धरा. तोवर टाक कानामागे न ठेवता टोपीत खोचावा. त्याला पैसा लागत नाही.

दुर्गाबाई

* * *

निपाणी,
ता. २० फेब्रुवारी १९३८

विहीणबाईस्नी रुक्माबाईचा राम राम.

मी सांगतिया आन् आमचा टपालवाला जोतिबा लिवतोय. त्येला शपथ घातलीया. तुमचं उत्तरबी जोतिबाच्याच नावानं धाडा, त्यो मला देवळात वाचून दावंल.

तुमची भैन गुणाची हाय, त्यात वाद न्हाय. पर तिनं मनुबाईदेखत पैज मारलीया, पाडव्याला बंदा रुपाया दावीन म्हणून. ती दावंल का न्हाय, द्येवाला ठावं. मला घोर येगळाच लागलाय. आवं, तीस वरसं संसार केला, पर म्या सोता कंदी रुपाया शिल्लक टाकला न्हाय! पगार येतो, भाडं जातं, दूध जातं, सरपान जातं, म्हयना सरतो. किल्ली कमरंला हाय म्हणून समद्यांस्नी वाटतंय म्हातारी लई हुशार. उद्या सुनंनं पाटावर रुपाया ठेवला आन् म्हनली, सासूबाई, आता तुमचा दावा, तर म्या काय दावू? माझी काय किंमत ऱ्हायली मग?

तवा पाडव्याला मलाबी कायतरी दावाय पायजे. कसं करू ते सांगा. जयाला कळवू नगा, माझ्या गळ्याची आण हाय.

रुक्माबाई

लिहिणाऱ्याचा नमस्कार. बाईंनी मागाहून "म्हातारी" हा शब्द खोडायला सांगितला. कार्डावर खाडाखोड बरी दिसत नाही म्हणून ठेवला आहे. — जोतिबा, टपालवाला.

* * *

शहापूर,
ता. २३ फेब्रुवारी १९३८

विहीणबाई रुक्माबाई यांस नमस्कार.

तुम्ही मन मोकळं केलंत, बरं वाटलं. यात लाजण्यासारखं काही नाही. शिल्लक टाकणं ही हाताची सवय आहे, हुशारीचा त्यात काही संबंध नाही.

सकाळी जयाला जोंधळे मापून देता, त्यातून आधी दोन मुठी काढून वेगळ्या डब्यात टाका. तीन माणसांच्या घरात दोन मुठी कुणाच्या पोटाला कळत नाहीत. डबा भरला की कुठं विकायचा ते तुम्हाला ठाऊक आहेच, दुकान दारात आहे. आणि कुणाला सांगू नका. सुनेला तर नाहीच.

जोतिबाला म्हणावं, अक्षर चांगलं आहे, फक्त दोन ओळींत इतकी जागा सोडू नये.

दुर्गाबाई

* * *

वखार, निपाणी,
ता. ८ मार्च १९३८

ती. आक्का यांस नमस्कार.

युक्ती उत्तम चालली आहे. आता तर मी बाजारातही जात नाही. शेजारच्या मनुबाईकडे जोंधळा बाजारापेक्षा शेरामागे पैसाभर स्वस्त मिळतो. कुठून आणते कोण जाणे, पण दाणा अगदी आमच्या घरच्यासारखा आहे.

एकच तक्रार. हल्ली भूक फार लागते. काल वखारीत काटा बघता बघता डोळ्यांपुढे भाकरी आली. पेनच्या विचारानं होत असेल.

बसवंत

* * *

निपाणी,
ता. १२ मार्च १९३८

ती. आक्कास नमस्कार. (कार्डच आहे, बघ.)

तुझी मूठ मी एक दिवस चुकवलेली नाही. मनुबाई मुकाट्यानं घेते, पैसे देते, आणि एरवी गावभर बोलणारी असून धंद्यातलं कुणाजवळ बोलत नाही. गाडग्यात अकरा आणे झाले.

पण घरात काहीतरी विचित्र चाललंय. भाकरी पुरत नाहीत. पूर्वी तेवढ्याच मापात नऊ व्हायच्या, आता ओढूनताणून सहा होतात. त्याही इतक्या पातळ थापते की तव्यावर टाकताना फाटतात. ह्यांना धोतर दोन बोटं जास्त आत खोचावं लागतं. सासूबाई दुपारी "आज भूक न्हाय" म्हणतात आणि तासाभरानं गुळाचा डबा वाजतो. कणगीही आठवड्याच्या आतच तळाला जाते. उंदीर असतील म्हणून मांजर आणलं. ते तर आमच्याहून जास्त ओरडतं.

माझी एक मूठ, तिच्यानं एवढं होतं का? मला भीती वाटते. थांबवू का?

जया

* * *

शहापूर,
ता. १५ मार्च १९३८

चि. जयास आशीर्वाद.

थांबवायचं नाव काढू नकोस. एका मुठीनं घर उपाशी पडत असतं तर आपण सगळी भावंडं कधीच मेलो असतो. यंदाचा जोंधळा पोचट असेल, किंवा जातं गुळगुळीत होऊन त्याला टाकी लावायला झालं असेल. पाडवा जवळ आला आणि अजून पाच आणे कमी आहेत, तेव्हा आजपासून एकाऐवजी दोन मुठी काढ.

मांजराला दूध विकत घालू नकोस. उंदरासाठी आणलंय ना, उंदीर खाऊ दे.

दुर्गा

* * *

निपाणी,
ता. २३ मार्च १९३८

विहीणबाईस्नी रुक्माबाईचा राम राम.

आज सांगायला जीभ उचलत न्हाय, पर सांगाय पायजे. आमच्या घरात चोरी व्हतीया आन् ती घरातलीच हाय. म्या मापून दिलेलं जुंधळं जात्यापतुर पोचत न्हाईत. आधी उंदरावर घातलं. पर परवा दुपारी म्या डोळं मिटून पडली व्हती, तवा तुमची भैन पदराखाली कायतरी घिऊन मागल्या दारानं भाईर पडली. आली ती रिकामी. कुटं जाती, कुनाला देती, म्या इचारलं न्हाय. इचारलं आन् खोटं बोलली तर मला सोसायचं न्हाय. आवं, माझा ल्योक वाळून काटूक झालाय, आन् ही धान्य भाईर घालती! म्या हिला किल्ली द्यायला निघाली व्हती.

बसवंताला म्हनलं, सनाला म्हायारी जाऊ दे. त्याला बाकी काय सांगितलं न्हाय. शनवारच्या मोटारीनं धाडती. तुमीच तिला इचारा, आन् मी बलवीन तवाच परत धाडा.

रुक्माबाई

लिहिणाऱ्याची हात जोडून विनंती. हे लिहिताना बाई रडल्या, ते त्यांनी लिहायला सांगितलं नाही, मी लिहितो. आक्का, तुमच्या हातची कार्डं या गावात तीन माणसांना येतात आणि तिघं एकाच घरात जेवतात. टपालवाल्यानं कार्ड वाचू नये असा नियम आहे, तेव्हा मी वाचलं नाही असंच धरून चाला. पण कार्डं उघडीच असतात. आणि घरात माप एकच आहे. शनिवारच्या आत काय ते करा. मी शपथेनं बांधलेला माणूस, मला फोडून बोलता येत नाही. — जोतिबा.

* * *

तार

शहापूर, ता. २५ मार्च १९३८ (इंग्रजीतून)
रुक्माबाई, निपाणी

जया निर्दोष. चोर तिघे. गुरू मी.

* * *

निपाणी,
ता. २६ मार्च १९३८

ती. आक्कास नमस्कार.

हे पाकिटातून पाठवते आहे आणि कागदाच्या दोन्ही बाजू लिहिणार आहे. बोलू नकोस.

काल दुपारी माझी ट्रंक भरून दाराशी ठेवलेली. मला फक्त एवढंच सांगितलं होतं, "शनवारी म्हायारी जायाचं." आनंदानं सांगतात तसं सांगितलं नव्हतं. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हत्या. माझ्याकडून काय झालं ते कुणी सांगेना, आणि मला विचारायचं धाडस होईना, कारण माझ्या गाडग्यात खरोखरच चोरलेले जोंधळे होते. रात्री मी विचार केला की शहापूरला येऊन तुझ्या पायरीवर बसेन आणि परत कधी येणार नाही.

तेवढ्यात जोतिबा ओरडत आला, "तार! रुक्माबाई, तार!"

आमच्या गल्लीत तार आली की माणूस गेलेलं असतं. सासूबाई उंबऱ्यातच बसल्या आणि चिकोडीच्या आपल्या भावाच्या नावानं त्यांनी गळा काढला. मी तुझ्या नावानं काढला. मनुबाईनं दुकानावर पोतं टाकलं आणि काही न विचारता आमच्यात येऊन रडायला बसली. कुणीतरी धावत जाऊन ह्यांना वखारीतून आणलं. इंग्रजी वाचणारे घरात हेच. लिफाफा तिघांच्या हातांतून फिरला आणि फोडला कुणीच नाही. शेवटी जोतिबा पायानं जमीन आपटत म्हणाला, "आवं कुनी मेलं न्हाय! फोडा की आधी!"

"तुला रं काय ठावं?" सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"मला समदं ठावं हाय! म्हयना झाला, प्वाट दुखाय लागलंय माझं!"

ह्यांनी तार फोडली, वाचली, मग मराठीत सांगितली. जया निर्दोष, इथपर्यंत आवाज मोठा होता. चोर तिघे म्हणताना बारीक झाला. गुरू मी, हे जवळजवळ ऐकूच आलं नाही.  ह्यांचे कान लाल. सासूबाई जमिनीकडे बघत होत्या. मी निर्दोष असं तुझ्या तारेत लिहिलेलं आणि माझं गाडगं चुलीमागे! मलाच राहवलं नाही. मी जाऊन गाडगं आणलं आणि मधोमध ठेवलं.

"रोज एक मूठ," मी म्हटलं, "आन् धा दिवसापास्नं दोन."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, उठल्या, कोठी उघडून एक डबा आणला आणि गाडग्याशेजारी ठेवला. "माझ्याबी दोन," त्या म्हणाल्या. मग आम्ही दोघी ह्यांच्याकडे बघायला लागलो. ह्यांनी टोपी काढली, टोपीतून टाक खाली पडला. म्हणाले, "मी मुठी न्हाय घेतल्या. मी शेरच कमी आनतो."

आक्का, जोतिबा इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. आम्हाला हसू यायला जरा उशीर लागला, कारण मनुबाई पोतं काढून हळूच आपल्या ओट्याकडे निघाली होती. सासूबाईंनी तिला हाक मारली. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मला काय इचारता? सून म्हनली, कुनाला सांगू नगं. सासू म्हनली, कुनाला सांगू नगं. ल्योक म्हनला, कुनाला सांगू नगं. म्या न्हाय सांगितलं. माझं काय चुकलं?"

तिचं खरंच काही चुकलं नाही. आम्ही दोघी मागल्या दारानं तिला जोंधळे विकायचो आणि हे पुढल्या दारानं तेच विकत आणायचे. कीड लागू नये म्हणून सासूबाई कणगीत चुलीची राख आणि लिंबाचा पाला घालतात. गेला महिनाभर ह्यांनी आणलेल्या जोंधळ्यात आधीच राख असायची, आणि सासूबाई म्हणायच्या, "ह्यो वाणी शाना दिसतुया, राख लावून देतो." स्वतःच्या घरचे जोंधळे स्वतः विकत घेऊन आम्ही तिघं अर्धपोटी बसत होतो, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच हुशार.

तिन्ही ढीग पाटावर मांडले. ह्यांचे नऊ आणे. सासूबाईंचे सात. माझे पंधरा. मी तीनदा मोजले, पंधराच. एक आणा कमी पडला. पैज हरले, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला त्याचं काही वाटलं नाही, पण डोळ्यांना पाणी आलं.  आपल्या सात आण्यांतला एक सासूबाईंनी बोटानं सरकवत सरकवत माझ्या ढिगात आणला.

"झाला बंदा रुपाया," त्या म्हणाल्या. "किल्ली पाडव्याला. समद्या गल्लीदेखत द्येते म्हनलं व्हतं, तसंच द्येनार."

मग स्वतः माझी ट्रंक उघडून त्यांनी लुगडी परत फळीवर ठेवली. मला "चुकलं" म्हणाल्या नाहीत, पण एक एक घडी इतकी नीट घातली की मला जोरात रडू आलं. त्याही रडल्या. संध्याकाळी मापावर शीग लावून जोंधळे दिले. अकरा भाकऱ्या झाल्या, जाड. एकही उरली नाही.

आता तुझ्याबद्दल. मला तुझा राग आला आहे, आक्का. तिघांना एकच औषध दिलंस आणि वर मला म्हणालीस, दोन मुठी काढ. तुझ्या हुशारीपायी माझं घर जात होतं. तार पाहून निम्मा राग गेला. उरलेला कागदावर जायचा नाही. दीड वर्षात तू एकदाही इथं आली नाहीस. कधी दिरांच्या मागाची घाई, कधी मोटारीचं भाडं महाग. सासूबाईंनी तुला दंड ठोठावला आहे: पाडव्याला निपाणीत हजर राहून पोटभर जेवायचं. भाडं तिन्ही ढिगांतून निघेल. हे म्हणतात, पेन पुढच्या वर्षी घेतलं तरी चालेल.

जया

* * *

शहापूर,
ता. २९ मार्च १९३८

चि. जयास आशीर्वाद.

मीही पाकीट घेतलं. कार्ड लिहिलं असतं तर जोतिबानं वाचलं असतं, आणि हे त्याच्यासाठी नाही.

तुझ्या सासूबाईंच्या कार्डाखाली जोतिबानं लिहिलं होतं की घरात माप एकच आहे; ते वाचलं आणि तशीच तारघराकडे निघाले. तिघांची पत्रं मी दिव्याशी एकेकटी वाचली होती. एकदाही शेजारी शेजारी ठेवली नाहीत. तिघं मला विचारतात, याचाच मला इतका आनंद झाला होता की तुमचं ताट एक आहे हे लक्षात आलं नाही. चूक माझी. तुझ्या सासूबाईंना तसं सांग, नाहीतर राहू दे, मीच सांगते.

तारेला नऊ आणे पडले. तारबाबू पत्त्याचेसुद्धा शब्द मोजतो, तरी मी घासाघीस केली नाही. दिरांना वाटलं, मला ताप आहे.

भाडं धाडू नका. त्या पैशांचं बसवंतरावांना पेन घ्या. कमी पडतील ते मी घालीन. माझ्यापाशी भाड्याचे पैसे कायम होते, जया. नसायला काय झालं? भाड्याचं निमित्त होतं. तू सासरी गेल्यावर महिनाभर मी रोज आपली दोघींची दोन ताटं मांडत होते आणि एक उचलून ठेवत होते. निपाणीला येणं अवघड नव्हतं. तुला तिथं ठेवून पुन्हा एकदा परत फिरणं मला झेपलं नसतं. हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

आज सकाळी मोटार अड्ड्यावर गेले होते. पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी पोचते. तिकीटवाला म्हणाला, "जाऊन-येऊन एकदम काडा, आक्का, चार आणे सूट हाय. फकस्त परत कवा येनार त्यो दिस सांगा."

मी उभी राहिले. मागे रांग लागली. तो म्हणाला, "चार आणे वाचत्यात, आक्का."

मी नुसतं जायचं तिकीट काढलं.

दुर्गा